प्रिंटरची खरी किंमत खोक्यावर नसते, पानावर असते



घरी एक प्रिंटर घ्यायचा, आजूबाजूच्या लोकांना प्रिंट, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो काढून द्यायचे आणि जम बसला की त्याचं दुकान करायचं. हा विचार तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. विचार चांगलाच आहे. शाळेचे प्रवेश, भरतीचे फॉर्म, सातबारा, बँकेचं केवायसी, कागद कुठेच सुटत नाही.

पण हातात असतात १२-१५ हजार. बहुतेक वेळा ते घरखर्चातून मागे टाकलेले किंवा बचत गटातून उचललेले. म्हणजे मशीन चुकलं तर नुसता प्रिंटर वाया जात नाही, हप्ता डोक्यावर राहतो. म्हणून आज "कोणता प्रिंटर बेस्ट?" हा प्रश्न बाजूला ठेवू आणि आधी हिशोब करू.

आधी पानाचा हिशोब

बाजारात साधा कार्ट्रिजवाला इंकजेट स्वस्तात मिळतो, इंक टँक महाग वाटतो. समजायला सोपे आकडे घेऊ. दुकानात आज जो भाव असेल तो तुम्ही त्यात टाका.

समजा, कार्ट्रिजचा प्रिंटर ४,००० रुपयांना आहे. काळं कार्ट्रिज ९०० रुपयांचं आणि त्यावर १८० पानं लिहिलीत. म्हणजे एका पानाची इंक ५ रुपये. गिऱ्हाईक पानाचे ५ रुपये देतं आणि ते पाचही कार्ट्रिजमध्ये जातात. कागद आणि वीज तुमच्या खिशातून!

आता समजा, इंक टँक १२,००० रुपयांना आहे. काळ्या इंकची बाटली ४५० रुपयांची आणि त्यावर ४,५०० पानं लिहिलीत. म्हणजे पानाला १० पैसे. जास्तीचे ८,००० रुपये भरून निघायला साधारण १,६३३ पानं लागतात. रोज २० पानं निघत असतील तर ८२ दिवस. रोज दोनच पानं निघत असतील तर सव्वादोन वर्षं.

म्हणजे उत्तर मशीनमध्ये नाही, तुमच्या रोजच्या पानांत आहे. घरात महिन्याला आठ-दहाच पानं लागत असतील तर मी दुकानदार असूनही सांगतो, प्रिंटर घेऊच नका. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा.

एक लक्षात ठेवा. पाकिटावरचा पानांचा आकडा ठरलेल्या नमुना पानांवर मोजलेला असतो. तुमची पानं जास्त भरलेली असतील तर तेवढी निघणार नाहीत. शिवाय नव्या इंक टँकमध्ये पहिल्यांदा इंक भरताना थोडी इंक आतल्या नळ्या भरण्यातच जाते. पहिल्या बाटलीवरून हिशोब करू नका.

चार प्रकार, चार कामं

१. कार्ट्रिज इंकजेट: घ्यायला स्वस्त, चालवायला महाग. धंद्यासाठी नको.

२. इंक टँक: एपसन, कॅनन, एचपी, ब्रदर, सगळ्यांचे आहेत. पूर्वी लोक साध्या प्रिंटरला बाहेरून टाक्या आणि नळ्या जोडायचे. तीच गरज ओळखून एपसनने २०१० मध्ये इंडोनेशियात कंपनीच्याच टाकीचा प्रिंटर आणला. फोटो आणि कागदपत्रं दोन्ही एकाच मशीनवर, कमी भांडवलात करायची असतील तर सुरुवात इथूनच.

३. मोनो लेझर: फक्त काळं-पांढरं. वेगवान, अक्षर कोरीव, पाणी पडलं तरी पसरत नाही. आठ दिवस बंद ठेवला तरी टोनरची पावडर वाळत नाही. कॅननचा एलबीपी २९०० कितीतरी सायबर कॅफेंत वर्षानुवर्षं चालला, कारण त्याचा टोनर गावोगावी भरून मिळतो. पण फोटो विसरा. आणि लेझर गरम होताना एकदम जास्त वीज ओढतो, त्यामुळे घरचा छोटा इन्व्हर्टर ट्रिप होऊ शकतो. तुमच्याकडे लोडशेडिंग असेल तर हे आधी बघा.

४. फोटोचे खास प्रिंटर: सहा रंगांच्या इंक टँकमध्ये नेहमीच्या चार रंगांबरोबर फिका निळा आणि फिका गुलाबी असतो, त्यामुळे चेहऱ्याचा रंग मऊ येतो. एपसनचा एल८०५० हा असाच, पण त्यात स्कॅनर नाही, म्हणजे झेरॉक्ससाठी दुसरं मशीन आलं. कॅननच्या सेल्फीमध्ये १०८ फोटोंचा कागद आणि इंक एकत्र मिळते, त्यामुळे एका फोटोचा खर्च पक्का कळतो. पण त्यावर सातबारा छापता येत नाही!

फोटोत पैसा आहे, पण हिशोब वेगळा आहे

पासपोर्ट फोटो साधारण ३.५ × ४.५ सेंमी. ४ × ६ इंचाच्या एका कागदावर असे ८ फोटो बसतात. समजा कागद ५ रुपये, इंक ३ रुपये आणि वाया जाणाऱ्या कागदांसाठी १ रुपया धरला, तर खर्च ९ रुपये. तुम्ही ८ फोटोंचे ५० घेतले तर ४१ हातात. तेवढे मिळवायला काळ्या प्रिंटची दहा-बारा पानं तरी काढावी लागतील.

पण फोटो पूर्ण रंगाने भरलेला असतो, म्हणून पाकिटावरचे "इतकी पानं" फोटोला लावू नका. ४ × ६ मध्ये बिनबॉर्डर प्रिंट येते का, हे विचारा. फोटो पेपर इंकजेटचाच घ्या आणि तो चुकूनही लेझरमध्ये घालू नका. आतल्या उष्णतेने कागदावरचा थर वितळून मशीनला चिकटतो.

काळी इंक कोणती, हे विचाराच

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. डाय इंक फोटोत चमकदार दिसते, पण साध्या कागदावर थेंब पडला की अक्षर पसरतं. पिगमेंट इंकचं अक्षर गडद येतं आणि सहसा पसरत नाही. कॅननच्या जी सिरीजमध्ये आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये काळी पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय अशी जोडी असलेली मॉडेल्स आहेत. पावसाळ्यात दाखला हातात घेऊन तहसीलला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक लगेच कळतो.

दुकानात जाताना काय न्यायचं?

पेन ड्राइव्हमध्ये तीन फाइल्स न्या: एक चेहऱ्याचा फोटो, एक बारीक अक्षरांचा फॉर्म, एक आधार कार्डाची प्रत. डेमो मशीनवर तिन्ही काढायला सांगा. मग हे बघा:

- चेहरा लालसर किंवा हिरवट येतोय का?
- ओल्या बोटाने काळं अक्षर पुसून पाहा, पसरतंय का?
- आधारच्या दोन्ही बाजू एकाच पानावर सहज येतात का?
- मोबाइलवरून थेट प्रिंट जाते का? निम्मं काम व्हॉट्सअॅपवर येतं.
- वाया जाणारी इंक साठवणारा पॅड भरला तर तो घरी बदलता येतो की सर्व्हिस सेंटरला न्यावा लागतो?
- सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे का?
- वॉरंटी किती? बऱ्याच इंक टँकना "एक वर्ष किंवा ठरावीक पानं, जे आधी होईल ते" अशी अट असते.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या.

मशीन घरी आलं की दर आठवड्याला एक रंगीत पान काढा. इंक टँक बंद राहिला की नोझल वाळतो. मग हेड क्लिनिंग करावं लागतं, आणि त्यात तुमचीच इंक जाते.

माझा सल्ला

फोटो आणि कागद दोन्ही असतील तर स्कॅनरवाला चार रंगांचा इंक टँक. नुसते फॉर्म आणि झेरॉक्स असतील तर स्कॅनरवाला मोनो लेझर. इंक टँक कमवायला लागला की त्याच्याच पैशातून दुसरं मशीन लेझरचं घ्या. माझ्या दुकानात हीच जोडी चालते: काळं काम लेझरवर, रंग आणि फोटो टँकवर.

आता गृहपाठ

उद्यापासून पंधरा दिवस प्रिंटर न घेता कामं घ्या. जवळच्या दुकानदाराशी जास्त पानांचा भाव ठरवा, तिथून प्रिंट काढून द्या. मिळणारा पैसा थोडा असेल, चालेल. वहीत रोज तीन आकडे लिहा: काळी पानं, रंगीत पानं, फोटो. पंधराव्या दिवशी बेरीज करा. रोज २० पानं किंवा तीन-चार फोटोंचे सेट होत असतील तर बिनधास्त मशीन घ्या. होत नसतील तर तुमचे १२ हजार वाचले, आणि आधी गिऱ्हाईक जोडायचंय हे कळलं.

आधी वही, मग मशीन. लागा कामाला!