आज्ञावलीच्या पोटातील खुणा

संगणक आपण होऊन काहीच करीत नाही. मनुष्याने लिहून दिलेल्या आज्ञा तो क्रमाने पाळतो. आणि त्या आज्ञांत चूक असेल, तर ती चूकही तितक्याच इमानाने पाळतो. १९४९ साली केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली एडसॅक हा संगणक चालू झाला. तेव्हा थोड्याच काळात असे दिसून आले की, आज्ञा लिहिण्याइतकेच त्यांतील चुका हुडकणे हेही मोठे काम आहे. या कामालाच दोषशोधन किंवा ‘डीबगिंग’ म्हणतात.

हे काम अवघड का, ते पाहू. मनुष्य आज्ञावली लिहितो ती ‘सी’सारख्या भाषेत. तीत राशींना ‘दर’, ‘तास’, ‘पगार’ अशी अर्थपूर्ण नावे देता येतात. परंतु यंत्राला ही भाषा समजत नाही. म्हणून कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली तिचे यंत्रभाषेत रूपांतर करते. या रूपांतरात नावे आणि ओळींचे क्रमांक गळून जातात. उरतात केवळ स्मृतीतील जागांचे अंक. एखाद्या गावातील घरांवरच्या सर्व पाट्या काढून फक्त क्रमांक ठेवावेत, तसा हा प्रकार होय. अमुक क्रमांकाच्या घरी काही बिघडले एवढे कळते. पण ते घर कोणाचे, हे कळत नाही.

यावर उपाय असा की, रूपांतर करतानाच कंपायलरला ‘-जी’ हा पर्याय द्यावयाचा. मग तो यंत्रभाषेबरोबर एक कोष्टकही जोडून ठेवतो. यंत्रभाषेतील कोणती आज्ञा मूळ लेखनातील कोणत्या ओळीतून आली आणि कोणत्या जागी कोणती राशी आहे, याची त्यात नोंद असते. लिनक्स प्रणालीवर ही नोंद ज्या पद्धतीने होते, तिला ‘ड्वार्फ’ म्हणतात. आज्ञावलीची संचिका ज्या साच्यात असते, त्याचे नाव ‘एल्फ’. युरोपीय लोककथांत एल्फ आणि ड्वार्फ ही पात्रे जोडीने येतात. त्यावरून हे दुसरे नाव विनोदाने ठेवण्यात आले.

आता, हाती आलेल्या तयार आज्ञावलीत असे कोष्टक आहे की नाही, हे कसे ओळखावे? त्यासाठी ती चालवून पाहण्याची गरज नसते. टर्मिनलवर ‘फाइल’ ही आज्ञा आणि तिच्यापुढे संचिकेचे नाव टंकित केले की, एका ओळीत उत्तर मिळते. दोषशोधनाची माहिती जोडलेली असल्यास तसा उल्लेख त्यात येतो. नावे काढून टाकलेली असल्यास तेही कळते. अधिक खोलात जावयाचे असेल तर ‘रीडएल्फ’ हे साधन उपयोगी पडते. ‘--डीबग-डंप=इन्फो’ हा पर्याय त्याला दिला असता ते कोष्टकातील मुख्य माहिती उलगडून दाखविते. त्यात ‘प्रोड्यूसर’ म्हणजे निर्माता या शब्दाने ओळखली जाणारी एक नोंद असते. जीसीसी या कंपायलरने केलेल्या संचिकेत, कंपायलरची कोणती आवृत्ती वापरली आणि तिला कोणते पर्याय दिले, हे बहुधा तेथेच वाचावयास मिळते.

या नोंदीचे महत्त्व लहान नाही. समजा, तेथे ‘-जी’बरोबर ‘-ओ२’ही लिहिलेले आढळले. याचा अर्थ असा की, वेग वाढविण्यासाठी कंपायलरने आज्ञांचा क्रम बदलला असेल आणि काही राशी अजिबात गाळल्या असतील. अशा वेळी जीडीबीसारखे शोधसाधन ओळींवरून उड्या मारीत जाते आणि एखाद्या राशीची किंमत सांगू शकत नाही. कारण माहीत नसलेला विद्यार्थी येथे साधनालाच दोष देतो. नोंद वाचलेला विद्यार्थी हा पर्याय काढून पुन्हा रूपांतर करतो.

मग अशा सोयी अखेरच्या आज्ञावलीत ठेवाव्यात की काढाव्यात? हा प्रश्न मंगळावर कसाला लागला. ४ जुलै १९९७ रोजी अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ हे यान तेथे उतरले. हवामानाच्या नोंदी सुरू झाल्यावर काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला आणि त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर पडू लागली. यानाच्या आज्ञावलीत दोषशोधनाच्या सोयी जाणूनबुजून तशाच ठेवलेल्या होत्या. जे तपासले तेच उडवावे, असा अभियंत्यांचा दंडक होता. त्यांनी प्रयोगशाळेतील तशाच यानावर घटनांची नोंद ठेवणारी सोय चालू केली आणि तोच बिघाड तेथे घडवून आणला. कमी महत्त्वाचे हवामानकार्य एक सामाईक साधन अडवून बसे. मध्यम महत्त्वाची कार्ये त्याला पुढे सरकू देत नसत. आणि सर्वांत तातडीचे कार्य ताटकळत राही. ते वेळेत पुरे झाले नाही असे दिसताच पहारा देणारी आज्ञावली संगणक पुन्हा सुरू करी. अडविणाऱ्या कार्याला तात्पुरता वरचा दर्जा देणारा एक पर्याय बंद होता. तो चालू करणारी दुरुस्ती पृथ्वीवरून पाठविण्यात आली आणि यान सुरळीत काम करू लागले.

यंत्र दूर असो वा टेबलावर, त्याचा बिघाड शोधावयाचा तर प्रथम त्याच्याजवळ कोणत्या खुणा शिल्लक आहेत, हे पाहावे लागते. त्या ठेवावयाच्या की पुसावयाच्या, याचा निर्णय मात्र बिघाड होण्यापूर्वीच करावयाचा असतो.