जुन्या जीपच्या पुढच्या एक्सलला नवे शॉकॲब्सॉर्बर
लेखमाला : जुनी वाहने, आजची देखभाल

महिंद्राने १९४९ साली मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे ‘सीजे-३बी’ ही उंच बॉनेटची जीप सरकारी खात्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वत्र पोहोचली. बुलढाणा जिल्ह्यात राजूर घाटाची वळणे आणि काळ्या मातीतले पांदण रस्ते ही दोन्ही कामे एकाच गाडीकडून करून घेण्यासाठी ती सोयीची होती. या जीपचा पुढचा एक्सल अखंड असून तो पाट्यांच्या दोन कमानींवर बसतो. अशा एक्सलला आजचे शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले शॉकअप, कसे बसवावेत याचा विचार या भागात केला आहे.

गाडीचे वजन कमान पेलते, शॉकअप पेलत नाही. खड्ड्यात दबलेली कमान उसळून वर येते आणि रोखणारे काही नसेल तर कितीतरी वेळ हेलकावत राहते. शॉकअपमधला पिस्टन बारीक झडपांतून तेल ढकलतो. त्या अडथळ्यामुळे हेलकाव्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. कमान दबताना हा विरोध कमी आणि उसळताना जास्त ठेवलेला असतो. म्हणूनच कमान बसल्यामुळे खाली आलेली गाडी नव्या शॉकअपने वर येत नाही. तिथे पाट्यांचेच काम करावे लागते.

१९२७ ते १९३१ या काळातल्या फोर्ड मॉडेल ए गाडीला दांड्याचे हायड्रॉलिक शॉकअप होते. जीपला मात्र मुळातच नळीचे, म्हणजे टेलिस्कोपिक शॉकअप आले. जुन्या नळीत तेलावर साधी हवा असे. खराब रस्त्यावर सतत हादरे बसले की ती हवा तेलात मिसळून फेस होई आणि शॉकअप ढिला पडे. आजच्या गॅस शॉकअपमध्ये हवेच्या जागी दाबाखालचा नायट्रोजन असतो, त्यामुळे फेस सहसा होत नाही. लांबचा पांदण रस्ता तुडवणाऱ्या जीपला खरा फायदा होतो तो इथे.

खरेदीआधी तीन मापे घ्यावीत. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या खुंट्यांमधले अंतर हे पहिले माप. एक्सल रबरी बंपस्टॉपला टेकेपर्यंत कमान दाबल्यावरचे अंतर हे दुसरे, आणि चेसी स्टँडवर घेऊन चाके लोंबकळत सोडल्यावरचे अंतर हे तिसरे. समजा ही मापे अनुक्रमे ३४०, २८५ आणि ४०५ मिलिमीटर आली. मग पूर्ण मिटल्यावर सुमारे २७० आणि पूर्ण उघडल्यावर सुमारे ४२० मिलिमीटर भरणारा शॉकअप योग्य ठरतो. दोन्ही टोकांना १५ मिलिमीटर मोकळीक राहते. ही मोकळीक नसेल तर बंपस्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला आपटतो आणि खुंटी किंवा ब्रॅकेट तुटते. दुसऱ्या गाडीचा शॉकअप केवळ ‘बसतो’ म्हणून लावू नये. जीपचे वजन सुमारे एक टन आहे. जड गाडीचा कडक शॉकअप लावला तर खडबडीत रस्त्यावर चाक जमीन सोडून उड्या मारते.

शॉकअप जितका उभा, तितका परिणामकारक. तो उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर चाकावरचा परिणाम सुमारे तीन चतुर्थांश उरतो, ४५ अंश कलला तर निम्माच. खालची खुंटी यू-बोल्टच्या प्लेटवर आणि वरची चेसीच्या ब्रॅकेटवर असते. या मूळ जागा शक्यतो बदलू नयेत. नवे ब्रॅकेट लागलेच तर ते नट-बोल्टने कसावे. एक्सलच्या नळीवर वेल्डिंग केल्यास उष्णतेने ती वाकू शकते.

बसवण्याआधी पाटे उतरवून गंज काढावा, झिजलेले शॅकल-बुश बदलावेत. गंजलेले पाटे एकमेकांवर अडकतात आणि नव्या शॉकअपचा गुण दिसत नाही. दोन नळ्यांचा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण उघड-मीट करावा, म्हणजे आतली हवा वर निघते. डाव्या-उजव्या बाजूंची जोडी एकदमच बदलावी. रबरी बुश चिरडेपर्यंत नट आवळू नये. डोळ्याच्या बुशचा बोल्ट असेल तर शेवटचा कस गाडी चाकांवर उभी करूनच द्यावा. हवेत लोंबकळत्या स्थितीत कसलेले रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटी स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून टायर, टाय-रॉड आणि ब्रेकची नळी शॉकअपला घासत नाही ना, ते पाहावे.

खराब रस्त्यावर काही किलोमीटर गाडी चालवून दोन्ही शॉकअपच्या नळ्यांना हात लावावा. दोन्ही सारख्या कोमट लागल्या तर काम ठीक आहे. एक गरम आणि एक थंड असेल, तर थंड शॉकअप काम करत नाही. स्टिअरिंगची थरथर मात्र शॉकअपने जात नाही. तिचे मूळ बहुधा झिजलेल्या किंगपिनमध्ये किंवा टाय-रॉडच्या टोकांत असते.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील फेरफारांवर मर्यादा आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुने असावे लागते आणि त्याच्या चेसीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणून जीपमालकांनी चेसी कापून किंवा वेल्डिंग करून शॉकअप बसवू नयेत. मूळ खुंट्यांवर, मूळ मापाचे आणि जोडीने बसवलेले गॅस शॉकअपच जुन्या जीपला सर्वांत योग्य.