केशवरावांनंतरची ‘ललितकलादर्श’

८ जुलै १९२१. मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ हे नाटक झाले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. एरवी एकमेकांशी चुरस करणाऱ्या दोन मंडळ्या त्या रात्री एका रंगमंचावर उभ्या होत्या. त्यानंतर तीन महिनेही पुरते झाले नव्हते, तोच ४ ऑक्टोबरला विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

१९०८ साली हुबळीत त्यांनी उभारलेली ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी त्यांच्या गळ्यावर चालत होती. चढा सूर, द्रुत लय, बिजलीसारखी तान. प्रेक्षक त्यासाठीच तिकीट काढत. तो गळा गेल्यावर मंडळीने काय करायचे?

किर्लोस्कर मंडळीनेही असे घाव सोसले होते. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर वारले, १९१३ मध्ये बालगंधर्व बाहेर पडले. दरवेळी तिने दुसरा गळा शोधला. दीनानाथ मंगेशकर आले, पण १९१८ मध्ये तेही निघाले आणि त्यांनी ‘बळवंत’ ही मंडळी काढली.

‘ललितकलादर्श’ची सूत्रे बापूराव पेंढारकरांकडे आली. वझेबुवांच्या तालमीत तयार झालेले ते समर्थ गायक होते, पण केशवरावांची प्रतिकृती नव्हते, आणि तसे होण्याचा हट्टही त्यांनी धरला नाही. त्यांनी नाटकच बदलले. येथे रत्नागिरीकरांनी अभिमानाने नाव घ्यावे ते नाटककार मामा वरेरकरांचे. जन्म चिपळूणचा, नोकरी टपाल खात्यातली. केशवराव असतानाच ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘संन्याशाचा संसार’ या नाटकांनी ते मंडळीचे झाले होते. १९२२ मध्ये त्यांचे ‘सत्तेचे गुलाम’ आले. पौराणिक राजा नाही, शालू नेसलेली राजकन्या नाही; गांधीविचाराने भारलेला वैकुंठ आणि समोर चालू काळ. पुढच्याच वर्षी ‘तुरुंगाच्या दारात’ हे अस्पृश्यतेला भिडणारे नाटक आले. पदे होती, पण आता ती कथेच्या ओघात येऊ लागली. पु. श्री. काळे यांनी नेपथ्याला वास्तवाची जोड दिली. मराठी संगीत रंगभूमीला आधुनिक करण्यात या दोन वर्षांचा वाटा आजवर पुरेसा मोजला गेलेला नाही, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

अमेरिकेतील ‘टेम्पटेशन्स’ या सोल गायकवृंदाची गोष्ट, गळा गेल्यावर साचाच बदलण्याच्या या वाटेशी विलक्षण जुळते. १९६८ मध्ये मुख्य गायक डेव्हिड रफिन गेला, डेनिस एडवर्ड्स आला. संगीतकार नॉर्मन व्हिटफील्डने जुन्या प्रेमगीतांचा साचा बाजूला ठेवला आणि ‘क्लाउड नाइन’ हा १९६९ चा अल्बम नव्या, खरखरीत सुरात घडवला. त्याच नावाच्या गाण्याने मोटाउन कंपनीला पहिले ग्रॅमी मिळवून दिले.

इकडे बापूराव १९३७ मध्ये गेले आणि ‘ललितकलादर्श’चे दार मिटले. ते १९४२ मध्ये पुन्हा उघडले त्यांच्या मुलाने, भालचंद्र पेंढारकरांनी. त्यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२१ चा, म्हणजे केशवराव गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आतला. १९६० मध्ये मंडळीचे ‘पंडितराज जगन्नाथ’ रंगमंचावर आले तेव्हा जगन्नाथाची पदे प्रसाद सावकार गात होते.