मानधनात मान किती, धन किती?

‘आठवड्याला सहा लेक्चर्स, बाकी वेळ तुमचाच!’ असं सांगून क्लासवाले बोलावतात. मीही गेले. मग एका रविवारी कॅल्क्युलेटर काढला...

रविवारची सकाळ. सगळ्या मैत्रिणी एफसी रोडवर ब्रेकफास्टला जमलेल्या आणि मी घरी दहावीच्या साठ पेपरांच्या गठ्ठ्यासमोर लाल पेन घेऊन बसलेली. ‘‘अगं, तू तर पार्टटाइम आहेस ना?’’ फोनवर एकीनं विचारलं. खरंच की! मग माझा रविवार कुठे गेला?

मास कॉमची डिग्री, फ्रीलान्सिंगची हौस आणि कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं या तिघांचं काही केल्या जमेना, तेव्हा जून २०२३ मध्ये मी एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला लागले. नाव सांगत नाही. तसा एखादा फ्लेक्स तुमच्याही चौकात असेलच, हसऱ्या टॉपर्सच्या फोटोंसकट. आधी दोन ‘डेमो लेक्चर्स’ झाली. समोर खरी मुलं, खरा धडा, पैसे मात्र शून्य. तिसऱ्या दिवशी सेंटर हेड म्हणाले, ‘‘मॅडम, मुलांना तुम्ही आवडलात. दीड तासाच्या लेक्चरचे साडेतीनशे. बाकी वेळ तुमचाच.’’

कागदावर ‘पगार’ हा शब्द कुठेच नव्हता. होतं ते ‘मानधन’, आणि मी होते ‘व्हिजिटिंग फॅकल्टी’. सॉलिड भारी वाटलं! व्हिजिटिंग फॅकल्टीला पीएफ नसतो, भरपगारी रजा नसते, गणपतीत क्लास बंद तर पैसेही बंद, हे नंतर कळलं. पहिल्या महिन्याचं मानधन ‘डिपॉझिट’ म्हणून क्लासकडे राहणार आणि मार्चपर्यंत टिकलात तरच परत मिळणार, ही ओळ तर मी सही केल्यावर वाचली. (हसू नका. तुम्ही तुमचं ऑफर लेटर कधी पूर्ण वाचलंय?)

साडेतीनशेचे झाले पंच्याहत्तर

त्या रविवारी पेपर बाजूला ठेवून मी आठवड्याचा हिशोब मांडला. सहा लेक्चर्स, म्हणजे नऊ तास. जाण्यायेण्यात रोजचा एक, असे सहा. लेक्चरची तयारी साडेचार तास. साठ पेपर, एकेकाला पाच मिनिटं धरली तर पाच तास. आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर येणारं ‘मॅम, वन डाउट’ रोज अर्धा तास खातं, म्हणजे आणखी साडेतीन. एकूण अठ्ठावीस तास. हातात एकवीसशे रुपये. ताशी पंच्याहत्तर! त्यातून दहा टक्के टीडीएस आधीच कापलेला. पालक सभेचा रविवार तर मी धरलाच नव्हता.

आमच्या दहावीच्या एका मुलाची फी होती चाळीस हजार. म्हणजे दोन मुलांच्या फीमध्ये माझं जवळपास अख्खं वर्ष बसत होतं. बॅचमध्ये मुलं साठ.

सेंटर हेडची बाजूही सांगायला हवी. त्यांना एकदा विचारलं, तर त्यांनी जागेचं भाडं, जाहिराती, छापील नोट्स असा सगळा खर्च मोजून दाखवला. फीवरचा अठरा टक्के जीएसटी सरकारला जातो तो वेगळाच. ‘‘आणि इंग्रजीला कोण क्लास लावतं मॅडम? मॅथ्स-सायन्ससाठी येतात सगळे.’’ यात खोटं काही नव्हतं. पण मग तपासलेले पेपर आणि रात्रीचे डाउट्स कुणाच्या खात्यात जमा होत होते?

‘मुलांचं वर्ष आहे, मॅडम’

डिसेंबरात एक मोठं लिखाणाचं काम चालून आलं. क्लास सोडायचं ठरवलं. डिपॉझिट गेलं तर गेलं! त्याच संध्याकाळी तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा लेक्चर संपल्यावर थांबला. जूनमध्ये तो एकेक अक्षर लावून वाचायचा. आता त्यानं अख्खं पत्र स्वतः लिहून आणलं होतं. ‘‘मॅम, प्रिलिमला तुम्हीच असाल ना?’’

मी काय बोलणार? राहिले.

घरी येताना लक्षात आलं, की डिपॉझिटची गरजच नव्हती. आम्हाला बांधून ठेवणारी खरी दोरी ही होती, आणि ती क्लासला फुकट मिळत होती. मानधन वाढवा म्हटलं, की ‘मुलांचं वर्ष आहे, मॅडम.’ दिवाळीत चार दिवस सुट्टी हवी, तरी तेच. दोन बॅचेस एकत्र करून चाळीसाच्या साठ केल्या, तेव्हाही तेच. आपल्या मुलांवरच्या मायेला कुणी ‘नो’ म्हणत नाही, हे त्यांना नीट माहीत होतं.

चहावर फुटलेलं गुपित

‘तुमचा रेट कुणाला सांगू नका, तुम्हाला स्पेशल दिलाय’ असं प्रत्येकाला सांगितलेलं. टाइमटेबलही असं, की एक सर येतात तेव्हा दुसऱ्या मॅडम जिना उतरत असतात. फेब्रुवारीत प्रिलिमच्या पेपरांसाठी आम्ही पाच जण पहिल्यांदा एकत्र बसलो. खाली टपरीवर चहा झाला आणि फिजिक्सच्या सरांनी आपला आकडा सांगून टाकला, पाचशे. मी साडेतीनशे म्हटलं. मराठीच्या मॅडम गप्प. बी.एड., आठ वर्षांचा अनुभव, आणि त्यांना तीनशे! मला तोंड लपवावंसं वाटलं.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा संपल्यावर पाचही जणांनी मिळून एकच ई-मेल केला. तारखा, लेक्चर्स, येणं रक्कम, सगळं लिहून. डिपॉझिट मे महिन्यात आलं, दोन हप्त्यांत. मराठीच्या मॅडमना पुढच्या जूनपासून चारशे मिळाले. फिजिक्सच्या सरांना मात्र परत बोलावणं आलं नाही.

कायद्याच्या पुस्तकात आपण कुठे?

१९८८ मध्ये गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की शिक्षक हे औद्योगिक विवाद कायद्यातले ‘कामगार’ नाहीत. त्यामुळे कामावरून काढलं तर त्या कायद्याखाली दाद मागायची वाट शिक्षकांना बंद झाली. ग्रॅच्युइटीसाठीही २००९ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला, आणि तिथे आधी ‘कर्मचारी’ असावं लागतं. ‘व्हिजिटिंग’ म्हटलं, की तिथेही वाद.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कोचिंग सेंटर्ससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शिकवणारा किमान पदवीधर हवा, मुलांना आणि शिक्षकांना आठवड्याची सुट्टी हवी, हे त्यात आहे. शिक्षकाला किती पैसे द्यायचे, ते मात्र नाही.

ऑनलाइन जाऊ म्हणाल, तर तिथेही जपून. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायजूजनं सुमारे अडीच हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं आणि जुलै २०२४ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

ऑफिस सांभाळून वीकएण्डला दोन लेक्चर्स घ्यावीत, असं तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. जरूर घ्या. शिकवण्यासारखी मजा दुसऱ्या कशात नाही. तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा इंग्रजीत पास झाला. त्याच्या आईनं पेढे आणून दिले, घरी, पत्ता शोधत. माझ्या मानधनातला ‘मान’ तेवढा होता आणि तो क्लासनं दिलेला नव्हता. ‘धन’ मात्र तुम्हालाच मागावं लागेल. लाजू नका!

जॉइन होण्याआधी हे विचारा

• पैसे फक्त लेक्चरचे, की पेपर तपासण्याचेही?
• तुम्ही पोहोचलात आणि बॅच रद्द झाली, तर?
• डिपॉझिट आहे का? कधी आणि कशा अटीवर परत?
• ओरिजिनल सर्टिफिकेट्स मागतात का? झेरॉक्स द्या, ओरिजिनल नाही.
• मेसेजना उत्तर रात्री किती वाजेपर्यंत?
• सगळं लेखी मिळेल का? नाही म्हणाले, तर ठरलेलं तुम्हीच त्यांना ई-मेल करा.
• आणि हो, शेजारच्या वर्गातल्या सरांना त्यांचा रेट विचारा. चहा तुमच्याकडून!