जंगलतोड आणि मुलांचे डागाळलेले दात

जंगल तुटले की पाऊसपाणी बिघडते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण जंगलतोडीचा मुलांच्या दातांशीही संबंध आहे, असे मी म्हटले की पालक चकित होतात.

पांढरकवडा, झरी जामणी या भागातील मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे मला दिसतात. ते घासून जात नाहीत. ही कीड नव्हे, हा फ्लोरोसिस. पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे तो होतो. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर सांधे आखडतात, मान व पाठ वाकत नाही. हाडांची ही हानी पुन्हा भरून येत नाही.

फ्लोराइड मूळचे खडकातले. मग जंगलाचा संबंध कुठे येतो? रानातील पालापाचोळा आणि मुळे पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवतात. त्यावर उथळ विहिरी तग धरतात. आपल्या जिल्ह्यात सागाची चोरटी तोड, सरपण, चराई, शेतीसाठी अतिक्रमण आणि वणीकडील कोळसा खाणी यांनी रान विरळ केले. उघड्या उतारावरून पाणी माती घेऊन धावते. त्यात शेतीसाठी उपसा वाढला. विहीर आटली की आपण बोअर खोल नेतो. खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेले असते. त्यात फ्लोराइड जास्त असण्याचा धोका असतो.

वाचकहो, एवढे अवश्य करा :

• गावातील प्रत्येक हातपंपाचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरी सोयच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. त्यावरचे पाणी धुण्याभांड्यांना वापरा, पिण्यास व स्वयंपाकास नको.
• पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते.
• आठ वर्षांपर्यंत पक्के दात घडत असतात. या वयात सुरक्षित पाणी सर्वांत महत्त्वाचे. आहारात दूध, तीळ, आवळा, लिंबू ठेवा. चहातही फ्लोराइड असते, म्हणून मुलांना तो देऊ नका.

गोळ्या-औषधांनी हे डाग जात नाहीत. तपासलेले पाणी हा आजचा उपाय. उतारावर चर खणणे, उरलेले रान राखणे हा उद्याचा. माझ्या मते गावाचे रान राखणे हेही आरोग्याचेच काम आहे.