थायरॉईडची शस्त्रक्रिया : त्याच दिवशी घरी येताना

शस्त्रक्रिया म्हटली की रुग्णालयातला चार-आठ दिवसांचा मुक्काम, घरून जाणारे डबे आणि साता विचारण्यासाठी येणाऱ्या नातलगांची रीघ, हे चित्र आपल्या पिढीच्या मनात पक्के बसलेले आहे. आता काही शस्त्रक्रिया सकाळी होऊन रुग्ण सायंकाळी घरी परततो. थायरॉईड ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रियाही निवडक रुग्णांच्या बाबतीत अशी होऊ शकते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१३ मध्ये या पद्धतीविषयी निवेदन प्रसिद्ध करून ती कोणाला योग्य आणि कोणाला नाही, याचे निकष मांडले. आपल्याकडे बहुतेक शल्यविशारद अजूनही किमान एक रात्र रुग्णास ठेवून घेणे पसंत करतात. तरीही हा पर्याय पुढे आलाच, तर कुटुंबाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रुग्णालयातून सुटी मिळते, देखरेखीतून मिळत नाही. ती त्या सायंकाळी परिचारिकांकडून घरच्यांकडे येते.

या शस्त्रक्रियेचा इतिहास उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गलगंड कापण्यास भलेभले शल्यविशारद धजत नसत, कारण रक्तस्रावाने रुग्ण दगावत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर यांनी अत्यंत संथ व काटेकोर पद्धतीने हा धोका कमी केला आणि १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण पुढे मंद व दुर्बळ होत जातात, हेही त्यांनीच १८८३ मध्ये नोंदविले. त्यावर १८९१ पासून मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देण्यात येऊ लागला. १९१४ मध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले आणि १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आज मिळणाऱ्या लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीतील औषध कृत्रिमरीत्या बनविलेले असते. अहिंसेचा विचार करणाऱ्या आपल्या घरांसाठी ही समाधानाची बाब आहे. मात्र ड जीवनसत्त्व किंवा कॅल्सिट्रिऑलच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते. त्याऐवजी गोळी अथवा शाकाहारी आवरणाची कॅप्सूल मिळेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे.

घर किती अंतरावर आहे?

माझ्या धाकट्या बहिणीच्या थायरॉईडच्या दोन्ही बाजूंस गाठी होत्या आणि संपूर्ण ग्रंथी काढणे आवश्यक ठरले. तिला रक्त पातळ करणारे औषध चालू नव्हते, हृदयाचा अथवा श्वसनाचा विकार नव्हता, गाठ छातीत उतरलेली नव्हती. त्याच दिवशी घरी सोडण्याचा विचार तेव्हाच होऊ शकला. तरी शल्यविशारदांनी पहिला प्रश्न विचारला तो घराच्या अंतराचा. तिचे सासर तालुक्याच्या गावी, पुण्यापासून तीन तासांच्या वाटेवर. घाऊक किराणा मालाचे दुकान आणि त्यामागेच घर. मेहुण्यांचा आग्रह होता, की सायंकाळी मोटारीने सावकाश घरी न्यावे, दुसऱ्या दिवशी दुकानही उघडता येईल. डॉक्टरांनी त्यास स्पष्ट नकार दिला. रुग्णालयापासून पंधरा मिनिटांवर असलेल्या आमच्या घरी तीन रात्री राहायचे, या अटीवरच त्यांनी संमती दिली.

या अटीमागील कारण समजून घेण्याजोगे आहे. शस्त्रक्रियेनंतर मानेत आतल्या आत रक्त साकळण्याचा प्रसंग क्वचितच येतो, पण आला तर श्वासनलिकेवर दाब येऊन काही मिनिटांत प्राण संकटात पडू शकतो. असे प्रसंग बहुतांशी पहिल्या सहा तासांत आणि त्यातून उरलेले बहुतेक पहिल्या चोवीस तासांत घडतात. मानेवर झपाट्याने वाढणारी सूज, गळा आवळल्यासारखे वाटणे, श्वास घेण्यास वा गिळण्यास त्रास, बदलत जाणारा आवाज किंवा विनाकारण अस्वस्थता यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णास आडवे न करता बसते ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. तीन तासांच्या रस्त्यावर हे शक्य नसते.

त्या रात्री भाची आणि मी पाळीपाळीने जागलो. डोके उंच राहील अशा उशा, खोलीत मंद दिवा आणि दर तासाला मान, श्वास व आवाज पाहून कागदावर केलेली नोंद. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना नोंदवहीत सही होते. आम्हीही पाळी बदलताना तसेच केले. त्यामुळे ‘तुला वाटले मी पाहीन’ असा घोळ होत नाही.

तिसऱ्या दिवसाची सावधगिरी

थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्या रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का बसल्यास कॅल्शियम उतरते आणि ते लगेच नव्हे, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास अधिक जाणवते. ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येणे ही पहिली खूण. पुढे हातापायांत गोळे येतात. बहिणीला तिसऱ्या दिवशी सकाळी ओठांवर मुंग्या जाणवल्या. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून ती गप्प राहणार होती, पण भाचीने रुग्णालयात फोन केला. रक्ततपासणी झाली, कॅल्शियमची मात्रा वाढविण्यात आली आणि दोन दिवसांत त्रास ओसरला. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत सावरतात, थोड्यांना दीर्घकाळ गोळ्या लागतात. अर्धीच ग्रंथी काढलेल्यांना हा धोका फारसा नसतो आणि त्यांपैकी अनेकांना कायमची थायरॉईडची गोळीही लागत नाही.

आवाजाच्या नसा याच जागेजवळून जातात. त्यामुळे काही दिवस आवाज बसणे वा लवकर थकणे स्वाभाविक असते. गल्ल्यावर बसून दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्यांनी निदान आठवडाभर आवाजाला विश्रांती द्यावी. पोती वा कापडाचे गठ्ठे उचलणे डॉक्टर सांगतील तोवर टाळावे. मान दोन्हीकडे विनावेदना वळेपर्यंत गाडी चालवू नये.

नवकारशी, चौविहार आणि गोळ्यांच्या वेळा

आपल्या घरांतला खरा पेच इथे असतो. लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावयाचे असते. चहा वा दुधाबरोबर घेतल्यास त्याचे शोषण घटते. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांपासून त्यास चार तासांचे अंतर हवे. बहिणीने डॉक्टरांसमवेत वेळापत्रक आखले. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी पारून थायरॉईडची गोळी, तासाभराने नाश्ता, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम आणि दुसरी मात्रा सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाबरोबर. नियम आणि औषध दोन्ही साधले.

परंतु पहिल्या आठवड्यात रात्री मुंग्या आल्या, तर सूर्योदयाची वाट पाहता येत नाही. म्हणून तिने साध्वीजींना विचारून त्या दिवसांपुरते औषधाचा आगार ठेवूनच पच्चक्खाण घेतले. शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळी चौविहार करणाऱ्यांनी तसे भूलतज्ज्ञांना सांगावे आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. मधुमेह असल्यास हे विशेष अगत्याचे.

पर्युषणात तपस्येचा भाव होणे साहजिक आहे. थायरॉक्सिन शरीरात सावकाश घटते, त्याचा निम्मा अंश उरण्यास सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे एखाद्या उपवासात गोळी चुकल्यास लगेच अनर्थ होत नाही, पण अठ्ठाईभर ती बंद ठेवणे योग्य नव्हे. कॅल्शियम मात्र सुरुवातीच्या काळात एक दिवसही स्वतःच्या मनाने सोडू नये. गुरू आणि डॉक्टर दोघांनाही विचारूनच पच्चक्खाण घ्यावे. बहिणीने त्या वर्षी उपवासाऐवजी स्वाध्याय आणि मौन स्वीकारले. आवाजासाठीही ते हितकर ठरले.

कागदपत्रांची बाजू

आरोग्य विम्यात रुग्णालयात दाखल होणे म्हणजे सामान्यतः सलग चोवीस तासांचे वास्तव्य. डे-केअर उपचारांना त्यातून सूट असते. आपली पॉलिसी ही शस्त्रक्रिया त्यात धरते का, याचे उत्तर विमा कंपनीकडून आधीच लेखी घ्यावे. कॅशलेस मंजुरी शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावी. डिस्चार्ज कार्डावर दाखल होण्याची व सुटण्याची वेळ, तसेच पूर्ण वा अर्धी ग्रंथी काढल्याचा स्पष्ट उल्लेख आहे ना, ते पाहून घ्यावे. काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजीचा अहवाल काही दिवसांनी येतो. तो आणण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावे ठेवावी, कारण पुढील उपचार त्यावर ठरतात. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून गोळीची मात्रा निश्चित होते. पुढे ही तपासणी ठरावीक काळाने करीत राहावी लागते.

तेव्हा ‘आजच घरी सोडतो’ हे शब्द ऐकून खर्च वाचला एवढाच हिशेब करू नये. रात्री जागणारी दोन माणसे, दाराशी उभे वाहन, जवळ असलेले रुग्णालय आणि फोनशेजारी लावलेला आपत्कालीन क्रमांक या चार गोष्टी असतील तरच होकार द्यावा. यांपैकी एकही कमी असेल, तर एक रात्र रुग्णालयातच काढावी.