सभागृहात ऐकू आलं, मग व्हिडिओत का नाही?

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या वार्षिक संशोधन दिवसाला विभागातल्या सगळ्यांत ज्येष्ठ सहकारी शेवटचं बोलल्या. अख्खं आयुष्य प्रथिनांचे स्फटिक बनवण्यात घालवून त्या निवृत्त होत होत्या. शोधनिबंधात कधीच छापून येत नाहीत अशा गोष्टी त्यांनी चाळीस मिनिटं सांगितल्या. कोणते प्रयोग फसले, का फसले, कुठे नुसतं नशीब कामाला आलं. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी काही लिहून घेतलं नाही. व्हिडिओ होतच होता ना!

तीन आठवड्यांनी व्हिडिओ आला. चित्र स्वच्छ, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. वाक्याची सुरुवात कळायची, शेवट घुमण्यात विरून जायचा. भरीला त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड सतत लुकलुकत होता. व्हिडिओवाल्यांना दोष देणं सोपं होतं, पण आम्ही त्यांना पाठवलेली ईमेल मी पुन्हा वाचली. तारीख, पत्ता, 'तीन कॅमेरे हवेत, किती पैसे होतील?' बस्स. माइकबद्दल एक शब्द नव्हता.

पुढच्या वर्षी हे काम माझ्या गळ्यात पडलं. ('तू पीएचडी आहेस ना, मग तूच बघ' हा युक्तिवाद परदेशातही चालतो!) तुमच्यापैकी अनेकांवरही ऑफिसात कधी ना कधी ही वेळ येईल, म्हणून त्यातलं विज्ञान लिहून ठेवते. बहुतेक सगळं बारावीच्या भौतिकशास्त्रातलं आहे.

आवाजापासूनच सुरुवात करू. वक्त्याच्या कॉलरला लावलेला माइक तोंडापासून साधारण १५ सेंटीमीटरवर असतो. सभागृहाच्या मागे तिपाईवर ठेवलेला कॅमेरा १५ मीटरवर, म्हणजे १०० पट लांब. अंतर दुप्पट झालं की थेट येणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथा हिस्सा उरते. १०० पट अंतराला ती १०,००० पट कमी होते, म्हणजे ४० डेसिबलचा फरक.

'मग आवाज वाढवा की!' असं मलाही वाटलं होतं. अडचण अशी की कॅमेऱ्यापाशी फक्त थेट आवाज पोचत नाही. भिंती, छत, काचा यांवर आपटून आलेला आवाजही पोचतो आणि त्याची पातळी सभागृहात सगळीकडे जवळपास सारखीच असते. वक्त्यापासून एका ठरावीक अंतरावर थेट आवाज आणि हा घुमणारा आवाज बरोबरीला येतात. त्यापुढे गेलात की घुमणाऱ्याचं राज्य. हे अंतर खोलीचं घनफळ आणि आवाज विरायला लागणारा वेळ यांवरून काढता येतं. आमचं सभागृह २० मीटर लांब, १५ मीटर रुंद, ५ मीटर उंच. आवाज विरायला साधारण एक सेकंद. उत्तर येतं दोन ते तीन मीटर! म्हणजे तिसऱ्या रांगेपासून मागे ठेवलेला कोणताही माइक, कितीही महागडा असला, तरी माणसापेक्षा खोलीच जास्त टिपतो. आवाज वाढवला तर दोन्ही सारखेच वाढतात.

आवाज विरण्याच्या या वेळाचा अभ्यास पहिल्यांदा नीट केला तो हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ साली त्यांच्याकडे फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहाची तक्रार आली, की तिथे कोणाचंच बोलणं कळत नाही. आवाज विरायला पाच सेकंदांहून अधिक वेळ लागत होता. सॅबिन रात्री, सगळं शांत झाल्यावर, शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणत आणि ऑर्गनच्या नळीचा आवाज किती वेळात विरतो ते मोजत. मग पहाटेपर्यंत गाद्या जागेवर परत! या खटाटोपातून निघालेलं त्यांचं सूत्र आजही वापरलं जातं. त्यातून एक व्यावहारिक गोष्टही कळते. माणसं आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या सभागृहातली चाचणी नेहमी थोडी जास्त घुमते. घाबरायचं नाही.

पण मग मागे बसून मला स्पष्ट कसं ऐकू आलं? दोन कान आणि एक मेंदू आहे म्हणून. दोन्ही कानांना आवाज किंचित वेगळ्या वेळी आणि वेगळ्या पातळीने मिळतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो, त्या दिशेचं उचलतो आणि बाकीचं मागे ढकलतो. थेट आवाजानंतर काही मिलिसेकंदांत आलेले प्रतिध्वनी तर तो त्या आवाजातच मिसळून टाकतो. गर्दीत एकाच माणसाचं बोलणं आपण कसं वेचतो, यावर कॉलिन चेरी यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग गाजले. कॅमेऱ्यावरच्या माइकने सगळं एकत्र कालवून स्पीकरमधून बाहेर काढलं की दिशेची ती माहितीच उरत नाही. सॉफ्टवेअरने थोडं साफ होतं, पण विरलेली व्यंजनं परत येत नाहीत. 'सभागृहात तर छान ऐकू येत होतं' हे म्हणूनच काही प्रमाणपत्र नव्हे.

तेव्हा मागायचं ते असं. प्रत्येक वक्त्याला कॉलर माइक, सभागृहाच्या मिक्सरमधून थेट जोडणी आणि ती बंद पडली तर म्हणून वेगळा रेकॉर्डर. प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी हातातला माइक. 'मला माइक नको, माझा आवाज मोठा आहे' म्हणणारे एक गृहस्थ प्रत्येक सभेत असतात. त्यांचा प्रश्न व्हिडिओत कधीच ऐकू येत नाही, फक्त उत्तर येतं. सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा: माइक हातात जाईपर्यंत प्रश्न सुरू होऊ द्यायचा नाही.

बिनतारी माइकचीही एक गंमत आहे. तीन माइक ६०६.५, ६०७.० आणि ६०७.५ मेगाहर्ट्झ अशा समान अंतरावर लावले तर दिसायला नीटनेटकं दिसतं, पण पहिले दोन जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून नवे तरंग निर्माण होतात. त्यांतला एक असतो ६०७.० ची दुप्पट वजा ६०६.५, म्हणजे नेमका ६०७.५. झाला तिसरा माइक खराब! म्हणून जाणकार मुद्दाम असमान अंतरं निवडतात. शिवाय कोणते तरंग वापरायची परवानगी आहे, हे देशागणिक बदलतं. इथे ब्रिटनमध्ये ६०६ ते ६१४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी ऑफकॉमचा परवाना लागतो. अमेरिकेतही ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले बरेच जुने माइक जुलै २०२० पासून वापरायला बंदी आहे. त्यामुळे मुख्यालयातून पाहुण्यांबरोबर येणारे माइक आधी तपासावेत.

आता लुकलुक. ब्रिटनमध्ये वीज ५० हर्ट्झची आहे. विजेच्या प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा कमी-जास्त होतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. डोळ्याला ते दिसत नाही. पण आमचं मुख्यालय अमेरिकेत आहे आणि त्यांनी 'सेकंदाला ३० चित्रं' मागितली होती. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिकडे ते सोयीचं. व्हिडिओवाल्यांनी ३० चित्रं लावली आणि सवयीप्रमाणे शटर १/६० सेकंदावर ठेवलं.

आता हिशेब करा. दिव्याचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं. शटर उघडं राहतं १६.७ मिलिसेकंद, म्हणजे एक पूर्ण आवर्तन आणि वर दोन तृतीयांश. हा वरचा तुकडा कधी उजेडाच्या चढाला सापडतो, कधी उताराला, त्यामुळे एक चित्र उजळ आणि दुसरं मंद येतं. दोन चित्रांमध्ये ३.३३ आवर्तनं होतात, तेव्हा दर तीन चित्रांनी तोच क्रम परत येतो, सेकंदाला १० वेळा. या वेगाची लुकलुक डोळ्याला फार खुपते.

उपाय फुकटचा आहे: शटर १/५० करा. मग प्रत्येक चित्रात बरोबर दोन पूर्ण आवर्तनं मावतात. सुरुवात कुठूनही होवो, उजेडाची बेरीज तीच. चित्रं ३० ठेवली तरी चालतं. सुट्टीत पुण्याला लग्नाला जाताना अमेरिकेतला कॅमेरा नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. भारतातही वीज ५० हर्ट्झचीच आहे आणि कार्यालयातल्या ट्यूबलाइट्स हाच खेळ करतात. (जपानमध्ये तर पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० आहे, त्यांचं काय होत असेल!) मात्र मंद करता येणारे काही एलईडी दिवे विजेच्या चालीने नव्हे, आपल्याच चालीने लुकलुकतात. तिथे कागदावरचा हिशेब चालत नाही. आदल्या दिवशी ते दिवे त्याच पातळीवर लावून एक मिनिट चित्रित करून पाहणं, एवढाच मार्ग.

मंचामागे एलईडीची भिंत असेल तर तीही आदल्या दिवशीच लावून घ्या. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरल्या की लाटा दिसतात, तसंच या भिंतीच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्यातल्या संवेदकाची जाळी एकमेकींवर पडून रंगीत लाटा उमटतात. वक्त्याला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे उभं करा, भिंत किंचित धूसर होते आणि लाटा जातात. साधा प्रोजेक्टर असेल तर स्लाइड्सची फाइल वेगळी मागून घ्या आणि नंतर जोडा. अंधारातला चेहरा आणि झगझगीत पडदा एकाच वेळी नीट टिपायचा आग्रह धरू नये.

आवाज वेगळ्या यंत्रावर आणि चित्र वेगळ्या यंत्रावर घेतलं की दोन्ही जुळवावी लागतात. सुरुवातीला एक टाळी वाजवली की दोन्हीकडे एक खूण मिळते. पण प्रत्येक यंत्राचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. दोन घड्याळांत दहा लाखांत २० भागांचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं आणि तीन तासांत २१६. सेकंदाला २५ चित्रं असतील तर ही पाचाहून अधिक चित्रं झाली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतं. पुढे गेलेला लवकर खटकतो, कारण निसर्गात प्रकाशाआधी आवाज कधीच पोचत नाही. म्हणून टाळी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटीही वाजवावी, किंवा सगळ्या यंत्रांना एकच टाइमकोड द्यावा.

साठवणुकीचा हिशेब मात्र कोणीच करत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट दराने घेतलेला ४के व्हिडिओ तासाला ४५ गिगाबाइट होतो. तीन कॅमेरे, सहा तास: ८१० गिगाबाइट. दोन प्रती ठेवायच्या तर १.६ टेराबाइटच्या वर. 'संध्याकाळपर्यंत क्लाउडवर टाका' असं आमच्या व्यवस्थापकांनी सुचवलं. सभागृहातल्या इंटरनेटचा वर पाठवायचा वेग सेकंदाला २० मेगाबिट होता. त्या वेगाने सलग ९० तास लागले असते! शेवटी दोन हार्डडिस्क दोन वेगवेगळ्या माणसांच्या बॅगेतून घरी गेल्या.

हे सगळं ठरवायच्या आधी खरं तर एकच प्रश्न विचारायला हवा होता: हा व्हिडिओ कोण बघणार? आमच्याकडे तीन उत्तरं आली. जाहिरात विभागाला दोन मिनिटांची चकचकीत फिल्म हवी होती, मुख्यालयाला थेट प्रक्षेपण आणि आम्हा संशोधकांना पूर्ण व्याख्यानं. तिन्हींची गरज वेगळी आहे आणि आमच्यासाठी एका चांगल्या माइकसह एकच कॅमेरा पुरला असता. चित्रीकरण होणार हे उपस्थितांना आधी कळवणं आणि ज्यांना दिसायचं नाही त्यांच्यासाठी एक बाजूची रांग राखणं, हेही तेव्हाच ठरवून टाकावं.

गेल्या वर्षीचे व्हिडिओ चांगले झाले. त्याच सुमारास आमच्या निवृत्त सहकाऱ्यांना मी पुन्हा बोलावलं. गालिचा आणि पडदे असलेली छोटी खोली, कॉलरला माइक, १/५० शटर. त्या तासभर बोलल्या आणि आवाज अगदी जवळून आल्यासारखा आलाय. मधेच त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मी लिथियम क्षारांबद्दल नेमकं काय म्हणाले होते?" मी जुनी फाइल लावली. आम्ही दोघींनी तीनदा ऐकलं. तेवढंच वाक्य घुमण्यात गेलंय.